विहिरीच्या तोंडाशी समई

ती. दाजींना झुंबरचा दंडवत.

तुमच्या भुवया कितपत उगवल्या? ताई फोनवर म्हणाली, उजवी आली, डावी अजून रुसलीय. खोबरेल लावत चला. इकडे सगळे खुशाल आहेत. म्हणजे, पुंजा सोडून. (त्याचं पुढे येतंच.)

दाजी, तुम्ही मान्यता समितीवर आणि मी मैलापाण्याच्या प्लांटवरचा ऑपरेटर, म्हणजे लहान तोंडी मोठा घास होतोय. पण आम्ही वर्षाला कोणता कोर्स करायचा हे तुमची समिती ठरवते, आणि अशी ठरवते की हसावं का रडावं तेच कळत नाही. मागच्या साली 'तणावमुक्त जीवन' मंजूर केलात. पंचवटीतल्या मंगल कार्यालयात दिवसभर डोळे मिटून बसलो. (जेवणात जिलेबी होती, खोटं कशाला बोलू.) मग 'कार्यालयीन शिष्टाचार' आला. आमचं कार्यालय म्हणजे पंपघर. शिष्टाचार करायचा कोणाशी, पंपाशी? आणि मैल्याच्या विहिरीत उतरण्याआधी विषारी वायू कसा ओळखायचा, हा तेजस्विनी मॅडमचा एकच कामाचा कोर्स, तो मात्र परत परत धाडलात. का, तर म्हणे हॉल नाही! अहो, विहिरीला हॉल कुठून आणायचा?

शेवटी समिती स्वतः पाहायला आली. मॅडमनी विहिरीचं झाकण उघडून वायू मोजायचं यंत्र, पट्टा, दोर असं सगळं मांडून ठेवलेलं. तेवढ्यात तुमच्या अध्यक्षसाहेबांना आठवलं, दीपप्रज्वलन राहिलं! आपल्याकडे समई पेटल्याशिवाय ज्ञान आत शिरत नाही ना. मॅडम ओरडत होत्या, "साहेब, इथं काडी ओढू नका!" साहेब म्हणाले, दोन मिनिटांचं तर काम. (समई आमच्या पंपघरातल्या पुंजानं घासली होती, अगदी लख्ख.) असा भडका उडाला की अध्यक्षांचा फेटा गेला, तुमच्या भुवया गेल्या आणि पुष्पगुच्छवाली मंडळी थेट रस्त्यापर्यंत गेली. मी हसलो, दाजी. लय हसलो. वाटलं, आता तरी पटेल. विहिरीत वायू आहे हे याहून कसं दाखवायचं? तर समितीनं शेरा मारला, कोर्स धोकादायक आहे, सबब मान्यता नाही. यंत्र, पट्टा, दोर सगळं चौकशीसाठी म्हणून तुमच्या ऑफिसच्या कपाटात कुलूपबंद झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पंपात चिंध्या अडकल्या. ठेकेदारानं पुंजाला तसाच उतरवला, ना यंत्र, ना पट्टा, ना दोर. तो ओरडलाही नाही. मी वरून हाका मारत राहिलो आणि मग उतरायला धावलो, तर बाकीच्यांनी मला धरून ठेवलं. त्यांचं बरोबरच होतं, तरी मला त्यांचा राग येतो. चौकशीत काय निघालं ठाऊक आहे? मयत कामगारानं विहिरीत उतरण्याचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण घेतलं नव्हतं. झालं, मेलेल्याच्या माथी मारून मोकळे! त्याची बायको मंगला मला विचारते, मग ते प्रशिक्षण कुठं मिळतं? मी काय सांगू, दाजी?

असो. ताईला नमस्कार, पोरांना आशीर्वाद. उन्हाचं जपा.

तुमचा मेहुणा,
झुंबर

ता. क. : कोर्सला मान्यता द्या म्हणायला हे पत्र नाही. ती तुम्ही सावकाश द्या. पंप पुन्हा अडकलाय, आणि सोमवारी उतरायला ठेकेदारानं माझं नाव घेतलंय. मी नाही म्हटलं तर दुसऱ्या कुणाला तरी उतरवेल, आणि पुन्हा वर उभं राहून हाका मारणं माझ्यानं व्हायचं नाही. कपाटाची किल्ली तुमच्याकडं असते म्हणे. तेवढं यंत्र, पट्टा आणि दोर रविवारपर्यंत पाठवा. कुणाची सही लागत असेल तर माझी घ्या.

आणखी एक : ताईनं विचारलं पत्रात काय, तर सांगा, झुंबर सायखेड्याहून द्राक्षं पाठवतोय. मंगळवारपर्यंत नाही आली, तर मग तिला खरं सांगा.