तोप्ली द्रेनच्या हमामाचे शोकाकुल

तोप्ली द्रेन,
१९ नोव्हेंबर २०१८

चि. ल्युबेन,

तुला आणि रोसित्साला आशीर्वाद. आम्ही बरे आहोत. थंडी पडली, भाजलेल्या मिरच्यांच्या बरण्या भरून झाल्या. या खेपेस तुमच्या वाट्याच्या सोफियाच्या बसने पाठवल्या नाहीत. का, ते पुढे कळेलच.

तू विचारलंस, आई फोनवर का येत नाही. तिचे गुडघे जरा कुरकुरतात, एवढंच.

आता तुझ्या त्या आनंदाच्या बातमीबद्दल. एप्रिलमध्ये फोनवर केवढा ओरडला होतास, "ताई, सरकारनं हमाम नगरपालिकेला विकला! आता मालक तुम्हीच!" आईनं बायकांसाठी राखलेल्या वारी हमामात सगळ्यांना लोकुमची मिठाई वाटली. "माझ्या ल्युबेनच्या सरकारी खात्यानं केलं" म्हणून वर मिरवलीसुद्धा.

मालक! अरे, आपल्या आजोबांच्या पिढीनं दगड वाहून बांधलेला हमाम. सरकारनं एके दिवशी तो स्वतःचा म्हटला, आणि आता आम्हालाच विकला, तोही बाजारभावानं! भाव ठरवणाऱ्यांत तूही होतास. तुमच्या अंदाजपत्रकात ती रक्कम 'उत्पन्न' म्हणून झळकली असेल, मंत्र्यांनी तुमची पाठ थोपटली असेल. पण ती आली कुठून? आमच्याच करातून ना? या खिशातले त्या खिशात घातले, आणि म्हणे कमाई झाली! लाज नाही वाटत रे?

नगराध्यक्ष पेन्चेव्हला मी तोंडावर विचारलं, "विकत घेतलात, मग हमामाला कुलूप कशाला?"

"दोब्रिन्काबाई, तिजोरी झाडून पैसे भरले," तो म्हणाला. "आता पाण्याचा पंप बिघडलाय, दुरुस्तीला दमडी नाही. बालवाडीचं जेवण बंद करून पंप बसवू का? तुम्हीच सांगा."

काय सांगणार, कपाळ? दुकानात वांकाकाकू सगळ्यांदेखत मला ऐकवते, "तुमच्या साहेबाला म्हणावं, आता कुलपाची किल्लीही विक आम्हाला."

आईबद्दल मी खोटं लिहिलं, ल्युबेन. गुडघे कुरकुरत नाहीत, पार धरलेत. हमामाच्या त्या गरम झऱ्याच्या पाण्यावरच चालत होती रे ती. आता पलंगापासून खिडकीपर्यंत जाते, तेही माझ्या खांद्यावर भार टाकून.

गेल्या आठवड्यात तिनं मला छापखान्यात पिटाळलं. माणूस गेल्यावर दारांवर, खांबांवर चिकटवतो ना, तसलं काळ्या चौकटीचं पत्रक काढायला. फोटो हमामाचा. खाली शोकाकुलांची नावं तिनंच सांगितली: ती, मी, वांकाकाकू, बायकांच्या वारच्या सगळ्याजणी. आज गावभर तेच लागलंय, नगरपालिकेच्या दारावरसुद्धा.

मी विचारलं, "आणि ल्युबेनचं नाव?"

"ज्यांच्यामुळे गेला, त्यांची नावं खाली छापत नाहीत," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

तेव्हापासून तुझं नाव घेणंच तिनं टाकलंय. म्हणून फोनवर येत नाही. आता पैसे पाठवू नकोस, आणि आईला घरी टब बसवून देतो असलं काही बोलू तर नकोसच. बाकीच्या बायकांनी काय करायचं? तुझ्याच खात्यात बसून लिहून दे, की भाव लावण्यात चूक झाली, गावाचे पैसे परत करा. तुझा वरचा साहेब चिडला तर चिडू दे.

सोबत एक पत्रक घातलंय. शोकाकुलांत शेवटची एक ओळ मी छापखान्यात मुद्दाम कोरी सोडायला लावली. आईला माहीत नाही. तसं लिहून दिलंस, तरच त्या ओळीत तुझं नाव घाल आणि पत्रक घेऊन घरी ये.

अजून तरी तुझीच ताई,
दोब्रिन्का