सहाला बंद होणारं पाळणाघर

ता. ३ जून

ती. ताईस, शि. सा. न.

माझा हात बसला गं! दर कॉलरनंतर दोरा तोडण्यात निम्मा दिवस जायचा. आता तोडतच नाही; एकीला लागून दुसरी शिवत जाते आणि शेवटी सगळ्या एकदम कापते. नगावर पैसे, त्यामुळे रोजची कमाई पाचलाच होते. आठला सुटायचे आणि पाळणाघर सहाला बंद, म्हणून तर माझ्या चिमणीला तुझ्या गळ्यात घातलं. आता पुढच्या महिन्यात तिला न्यायला येते. शेजारच्या मशीनवरच्या वहिनींनाही शिकवलं. त्यांना सातवा लागलाय, फार खूश झाल्या.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढू दे.

तुझी धाकटी

ता. ९ जून

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

वेणी घालायला तासभर लावणारी तू, तुझा हात बसला यावर यांचा विश्वासच बसेना! तुझ्या लेकीने पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. रोजचा फ्रॉक त्यातूनच उपसावा लागतो. कधी चुकून मला आई म्हणते, मग जीभ चावून मावशी म्हणते. ती गेल्यावर घर खायला उठेल, पण ते माझं मी बघेन. तू ये.

तुझीच, ताई

ता. २४ जून

ती. ताईस, सा. न.

येत नाही. मालकांना पाचला माझी खुर्ची रिकामी दिसली. मुकादमाने कौतुकाने युक्ती सांगितली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचाच दर उतरला; म्हणे, काम सोपं झालंय. आता आठपर्यंत बसूनही पूर्वीएवढं पदरात पडत नाही. वहिनी सुजल्या पायांनी बसतात, माझ्याकडे बघत नाहीत. हात सावकाश चालवा म्हणून सगळ्यांना विनवलं, पण घरभाडं कुणाचं थांबतं? सगळ्या आणखी भरभर शिवतात. मीही. दुसऱ्या कारखान्यात विचारलं, तिथेही हाच दर. ताई, मला काही सुचत नाही. चिमणीला काय सांगायचं ते तूच ठरव.

धाकटी

ता. १ जुलै

चि. धाकटीस, आशीर्वाद.

काम लवकर उरकणं हा गुन्हा नव्हे, स्वतःला बोल लावू नकोस. चिमणीला खरं तेच सांगितलं. ती रडली नाही, त्याचाच मी धसका घेतला. पिशवीतले कपडे तिने आपल्या हातांनी फळीवर लावले.

मग जेवताना मला आई म्हणाली. मी हातातला घास तसाच धरून थांबले, पण तिने जीभ चावली नाही. आणि धाकटे, मीही तिला काही म्हटलं नाही.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

ताई