ओळंब्यात बसवलेला टीव्ही

कुरवंडे,
रविवार, जेवणं उरकल्यावर

चि. प्रेरणाबाईसाहेबांना चिमाआजीचे, डोक्यावर दोन्ही हात ठेवून, आशीर्वाद.

तू खुशाल असशीलच. पुण्यात थंडी कशी आहे, खोलीत पाणी येतं का, आणि रात्री जेवतेस की ते पाकिटातलं उकळून झोपतेस, ते कळव. खरं कळव. खोटं सांगायचं असलं तर फोन कर, फोनवर तुला ते बरं जमतं. हितं आमी बरी आहोत. माझा गुडघा आहे तसाच आहे, म्हैस पान्हा चोरायला लागली आहे, आणि तुझी आई नंदा माहेरी गेली आहे. म्हणून हे पत्र तुझा बाप लिहितोय. अक्षर ओळखलं असशील. तू इंजिनियरीचं कॉलेज सोडून चित्रं काढायला गेलीस तेव्हापासून हा तुझ्याशी बोलत न्हाई. पण लिहिणार न्हाई असं काही तो म्हणाला नव्हता, तेवढी फट मी धरली. अट घातली आहे की मी बोलेन ते शब्दाला शब्द लिहायचं, आणि स्वतःचं काही असलं तर कंसात घालायचं. (माझं काही नाही. लेखनिक.)

आता तू चित्रं काढतेस त्या टीव्हीवरच्या कार्टूनच्या मालिकेबद्दल. ती तुमची टेकू, पडणाऱ्या इमारतींना खांदा देऊन उभ्या ठेवणारी पोरगी, मला लय आवडली. अंगात एवढी ताकद, पण तोरा न्हाई. शिवाय त्या उडणाऱ्या बाप्यांसारखी चड्डी वरून घालत न्हाई, हे तुमी फार चांगलं केलंत. पण पहिल्या दिवशी मी घाबरले होते. रंग रेषेच्या बाहेर, साडीचा लाल एकीकडं आणि साडी दुसरीकडं, लग्नघाईत भरलेल्या रांगोळीसारखं. माणसं चालतात तीही अडखळत, पाऊल उचललेलं दिसतं न दिसतं तोवर पोचलेलं. मला वाटलं, माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन वाया गेलं. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा झाकून बघितलं. शेवटी उठून गोठ्यात गेले आणि म्हशीकडं बघितलं. म्हैस रेषेच्या आतच होती. मग मी निवांत येऊन बसले, आणि हळूहळू मला त्याची गोडी लागली. रंग असा सांडलेला असला की चित्र आत्ताच कुणीतरी काढून उठल्यासारखं ओलं वाटतं. तू उठली असशील, असं मी धरून चालते.

तुझा बाप मालिका बघत न्हाई. तो फक्त दारात उभा राहून चपला शोधतो. भाग संपेपर्यंत त्या सापडत न्हाईत. (चपला खरोखरच सापडत नव्हत्या. लेखनिक.) तर असाच चपला शोधताना एकदा म्हणाला, "ह्या समद्या इमारती वाकड्या आहेत." मी म्हटलं, तुझ्या लेकीनं काढल्यात, बापाच्या स्वभावावर गेल्या असतील. ते त्याला पटलं न्हाई. तुंगार्लीच्या बंगल्यांच्या कामावर भिंत सूतभर झुकली तरी पाडायला लावणारा हा गवंडी माणूस. आपण कामावर नेऊन जिला एवढीशी असताना भिंत सरळ आहे का बघायला ओळंब्याची दोरी धरायला शिकवलं, ती वाकडी भिंत काढेलच कशी? म्हणजे चूक टीव्हीची. त्यानं पिशवीतून ओळंबा काढला, खुर्चीवर चढला आणि टीव्हीसमोर दोरी सोडून एका डोळ्यानं बघत राहिला. तिकडं टेकू घामाघूम होऊन इमारत पेलतेय आणि तिच्या नाकापुढं तुझ्या बापाचा ओळंबा झुलतोय. मग शेजारच्या दस्तगीरभाईंचं ड्रिल आणलं, भिंतीला भोकं पाडली, टीव्हीची उजवी बाजू खाली घेतली. इमारती एकदम सरळ. खुर्चीवरून उतरताना पोट पुढं होतं, आणि दस्तगीरभाईंनी "काम चोख आहे, प्रदीपभाऊ" असं म्हणून ते आणखी पुढं आणलं.

तेव्हापासून बातम्या सांगणारी बाई कलंडलेली आहे. क्रिकेटचा चेंडू आपोआप उताराला लागतो. कीर्तनाचे बुवा तर असे उभे राहतात की मागच्या टाळकऱ्यांनी हात सोडला तर आमच्या फरशीवरच येतील. दस्तगीरभाई आता दारातूनच मान वाकडी करून आत येतात.

पण गंमत पुढं झाली. पुढच्या भागात तुझ्या इमारती दुसऱ्या बाजूला झुकल्या. मी वाट बघत होते, आता परत ड्रिल येणार. तुझा बाप ओळंब्याच्या पिशवीपर्यंत गेला आणि तसाच माघारी आला. मग म्हणाला, "मुद्दाम काढल्यात तिनं." आणि खाली बसला. चपला पायातच होत्या. शेवटी नावं सरकायला लागली. मला अक्षर कळत न्हाई, म्हणून म्हटलं, तिचं नाव आलं की सांग. तो म्हणाला, गेलं. मी म्हटलं, मग परत आण. त्यानं परत आणलं आणि तितंच थांबवून ठेवलं. मी चहा केला, प्याले, कप विसळला, तरी टीव्हीवर तेच होतं. (रिमोट अडकला होता. लेखनिक.)

जेवत जा. तेल लाव केसांना.

तुझी आजी,
चिमाबाई

ता. क. खरं काम राहिलंच. मला माझे बुवा उभे बघायचे आहेत. टीव्ही सरळ कर म्हटलं तर तुझा बाप म्हणतो, जिच्यामुळं वाकडा झाला तिनं येऊन सांगावं. म्हणजे तू घरी ये, असं तो म्हणतोय. त्याला ते असंच म्हणता येतं. (मी असं म्हणालेलो नाही. टीव्ही मी आत्ताही सरळ करू शकतो. लेखनिक.) तोंडानं म्हणत लिहितोस ते ऐकू येतं मला, मग कर की. हेपण लिही.

ता. क. तुझी आजी धार काढायला गेली आहे. शेवटच्या भागात दोन्ही कडेचे खांब गेल्यावर टेकू पुलाखाली मधोमध उभी राहते, ते चूक आहे. रंग कसेही भर, इमारती कशाही झुकव, पण तो पूल तसा राहणार नाही. झुलेल आणि सगळा तिच्याच अंगावर येईल. ते काम एकटीनं होत नाही, दुसऱ्या टोकाला माणूस लागतो. मी सातनंतर घरी असतो. फोन कर, सांगतो.

बाबा