पिसाकच्या खानावळीत

प्रिय ईशू,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू हे न उघडताच बाजूला ठेवशील, या भीतीनं पत्ता लायब्ररीत माझ्याबरोबर काम करणाऱ्या कस्तुरीकडून लिहून घेतला आहे. आता उघडलंच आहेस तर शेवटपर्यंत वाच. मला हे पुन्हा लिहायला जमणार नाही.

मी सप्टेंबरमध्ये पेरूला येऊन गेले. हो, तुझ्या पेरूला. आजवर एडिनबराच्या पलीकडे एकटी न गेलेली तुझी आई हीथ्रोहून लिमाला आणि तिथून कुस्कोला गेली. लायब्ररीत सांगितलं, इंका लोकांचे अवशेष बघायची फार दिवसांची इच्छा आहे. टूरमध्ये आम्ही अकरा जण होतो. बाकी सगळे इंग्लिश, आणि शाकाहारी मी एकटीच. कुस्कोला उतरल्या उतरल्या उंचीमुळे असा दम लागला की बॅगेवरच बसले. दोन दिवस डोकं ठणकत होतं. हॉटेलवाल्या बाईनं कोकाच्या पानांचा चहा पाजला तेव्हा कुठे उभी राहिले. जेवणाचं तर रोजचंच. मी पाठ केलेलं "सिन कार्ने" म्हणायचे, म्हणजे बिनमांसाचं, आणि समोर चिकनचं सूप यायचं. त्यांच्या लेखी कोंबडी म्हणजे मांस नव्हेच! मग आमची गाईड नेली आत जाऊन स्वयंपाक्याशी भांडायची आणि माझ्यासाठी उकडलेले बटाटे, टपोऱ्या दाण्यांचं कणीस आणि चीजचा तुकडा घेऊन यायची. जांभळे बटाटे, पिवळे बटाटे, नुसते मिठाबरोबर. इतके चवदार बटाटे मी जन्मात खाल्ले नव्हते, आणि एकही घास सुखानं गिळला नाही.

ओलांतायतांबोच्या इंका किल्ल्याच्या पायऱ्या मी निम्म्याच चढले. वर देवळासाठी उभे केलेले सहा प्रचंड गुलाबी दगड आहेत. ते नदीपलीकडच्या डोंगरातून ओढत आणले, नेली सांगत होती. काही वाटेतच राहिले, अजून तिथेच पडून आहेत, आणि गावातले लोक त्यांना थकलेले दगड म्हणतात. ते ऐकून मला रडू फुटलं. नेलीला वाटलं उंचीचा त्रास होतोय. तिनं मला धरून खाली आणलं.

दुसऱ्या दिवशी सगळे माचू पिचूला गेले. पोट बिघडल्याचं सांगून मी मागे राहिले. माचू पिचू मी पाहिलंच नाही, ईशू. दोन शेअर व्हॅन बदलून मी पिसाकला आले. तू गेल्या दिवाळीत पाठवलेलं पोस्टकार्ड पर्समध्ये होतं, खानावळीचा फोटो आणि मागे तुझ्या हातचे तीनच शब्द, मी बरी आहे. तुझी खानावळ लगेच सापडली. मी कोपऱ्यातल्या टेबलावर बसले, टोपी काढली नाही. लांब वेणी घातलेल्या मुलीनं आधी किन्वाचं सूप आणलं आणि मग भात आणि मसूर. पहिल्या चमच्यालाच हिंग लागला. हिंग, जिरं, आणि शेवटी वरून सोडलेली लसणाची फोडणी, मी करते तशी. तिकडे हिंग कुठून आणतेस गं?

मग तू दिसलीस, स्वयंपाकघराच्या खिडकीपलीकडे तव्याशी. केस कापलेत. थोडी भरली आहेस, छान दिसतेस. कुणाला तरी स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणालीस आणि मान मागे टाकून हसलीस. आपल्या स्लाऊच्या घरात तुला असं हसताना शेवटचं कधी ऐकलं, मला आठवेना. त्या मुलीनं माझ्याकडे बघून विचारलं, "इंडिया?" आणि मी मान हलवताच आनंदानं तुझ्याकडे बोट दाखवलं. ती तुला हाक मारायला वळली. मी नो, नो म्हणत उठले. मसूर तसाच टाकून बाहेर पडले. गावावरच्या डोंगरात इंकांनी बांधलेल्या शेताच्या पायऱ्या आहेत ना, तिथे जाऊन बसले. तीनदा उठले, तीनदा परत बसले. शेवटी खाली उतरून व्हॅन पकडली.

तुला वाटेल, जुन्या भांडणामुळे आई पळाली. तसं असतं तर बरं झालं असतं. अडीच वर्षांपूर्वी तू बँक सोडून तिकडे स्वयंपाक करायला जाते म्हणालीस, तेव्हा बाबा ओरडले होते, "शिकून-सवरून लोकांची खरकटी काढणार? गेलीस तर परत येऊ नकोस!" तू माझ्याकडे पाहिलंस. मी ओटा पुसत राहिले. त्याची माफी मी कधीच मागितली नाही. पण मी आले होते ते त्यासाठी नाही.

ईशू, बाबा गेले. फेब्रुवारीत. छातीत इन्फेक्शन झालं आणि आठवड्यात सगळं संपलं. वॉर्डमध्ये मास्क बाजूला करून ते म्हणाले, "ईशूला बोलव. माझं चुकलं, मला तिला सांगायचंय." पोस्टकार्डावर खानावळीचा नंबर होता. मी कॉरिडॉरमध्ये गेले, नंबर लावला आणि वाजायच्या आत कट केला. का, ते आता स्वतःपासूनही लपवत नाही. तुमचं दोघांचं एका फोनमध्ये जुळलं असतं आणि दोषी मी एकटीच उरले असते. आत येऊन सांगितलं, ती उचलत नाही. "इथले पाच म्हणजे तिकडचे बारा," ते म्हणाले, "जेवणाची गर्दी असेल. उशिरा कर." चार दिवस मी तेच सांगत राहिले आणि चार दिवस ते तुझी बाजू घेत राहिले. नंतर सगळ्यांना सांगितलं की ईशितानं यायला नकार दिला. सुहासकाकानं त्या दिवसापासून तुझं नाव घेतलेलं नाही. काल एडिनबराला फोन करून त्याला खरं सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "वहिनी, हे तिला तुम्हीच सांगायचं. आजच." मी खानावळीत फोन लावला. तुझा आवाज आला, आणि मी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. मला माफ करू नकोस, हवं तर पुन्हा कधी तोंड बघू नकोस. पण बाबांनी तुला टाकलं असं समजून जगू नकोस. त्यांनी तुला बोलावलं होतं, ईशू. मी बोलावलं नाही.

तुझीच,
आई