कॅपिटल पी

४ नोव्हेंबर
नोकरीचा पहिला दिवस छान गेला. पडेगावच्या या डायलिसिस सेंटरमधला जुना विंडोजचा डेटा नव्या लिनक्स सर्व्हरवर हलवायचा, एवढंच माझं काम. राजेंद्र सर घाईचे पण मनानं चांगले. सोनिया सिस्टरनं आल्याचा चहा दिला. बिडकीनच्या लीलाबाई डायलिसिसला आल्या होत्या. माझं गाव, घरची माणसं, सगळं विचारून घेतलं आणि शेतातले पेरू हातात कोंबले. म्हणाल्या, "मला खायची बंदी हाय, तू खा. तुज्या तोंडाकडं बघून माजं पोट भरंल."

७ नोव्हेंबर
डेटा हलवला आणि निम्मे स्क्रीन बंद पडले. कारण साधं आहे. टेबलाचं, म्हणजे माहितीच्या तक्त्याचं, नाव कॅपिटल पीनं लिहिलं काय आणि स्मॉल पीनं लिहिलं काय, विंडोजला फरक पडत नव्हता. लिनक्सला ती दोन वेगळी नावं. आणि आमच्या प्रोग्रॅममध्ये कुठं 'पेशंट' कॅपिटल, कुठं स्मॉल.
सर्व्हरला सांगता येतं की सगळी नावं स्मॉलच समज. पण त्याआधी प्रत्येक टेबलाचं नाव स्मॉल करून घ्यावं लागतं. जुन्या पेशंटचं आणि आमचं, कर्मचाऱ्यांचं, अशी दोन टेबलं राहिली होती. सर म्हणाले, पेशंट खोळंबलेत, चालू करा, बाकीचं नंतर. मी चालू केलं.

११ नोव्हेंबर
जुन्या पेशंटचं टेबल यादीत दिसतं. उघडायला गेलं की सर्व्हर म्हणतो, असं टेबल नाही.
हे होणारच होतं, दुरुस्त करता येतं. पण आज लीलाबाई आल्या तर सोनिया सिस्टरनं त्यांना नाव विचारलं. दोन वर्षं हिनंच त्यांच्या हाताला सुई लावली आहे! लीलाबाईंना गंमत वाटली. मग सिस्टरनं पुन्हा विचारलं, अगदी परक्यासारखं. डायलिसिसचं मशीन दिलं नाही. लीलाबाई माझ्याकडं वळल्या. "पोरी, इचार की तुज्या कंप्युटरला, मी हाय का नाय?"

१२ नोव्हेंबर
सेटिंग मागं घेतली. टेबल उघडलं. रिकामं आहे. बॅकअपमध्येही, जुन्या मशीनवरही. लीलाबाईंचं नाव हातानं भरलं, सर्व्हर सेव्ह झालं म्हणाला. परत पाहिलं, नाही. दिवसभर तेच करत होते.

१४ नोव्हेंबर
लीलाबाई सकाळपासून बाकावर बसून आहेत. पाय सुजलेत, धाप लागली आहे. सोनिया सिस्टर धुतलेल्या चादरी घेऊन आली आणि तो गठ्ठा सरळ त्यांच्या मांडीवर ठेवून गेली. बाक रिकामा असल्यासारखा.
सरांच्या केबिनमध्ये धावत गेले. ते म्हणाले, कोण लीलाबाई?
लीलाबाईंना रिक्षात घालून दुसऱ्या दवाखान्यात नेलं. रिक्षावाला आरशातून बघत म्हणाला, "मॅडम, अकेलेच बोल रहे क्या?" काउंटरवरच्या माणसानं विचारलं, पेशंट कुठंय? माझा हात धरून उभ्या होत्या त्या. धरून.
त्यांच्या मुलाला फोन लावला. आमच्यात त्या नावाचं कुणी नाय, म्हणाला.

१५ नोव्हेंबर
माझ्या केबिनमध्ये निजवलंय. मशीन मला चालवता येत नाही. ओरडून सांगितलं सगळ्यांना. सर फक्त म्हणाले, तुम्ही दमलाय.
दुपारी लीलाबाईंनी विचारलं, माज्या पोराला मी आठवत असंन ना. मी व्हय म्हणाले. त्यानंतर श्वास —
कुणी आलं नाही. बाहेर हसण्याचे आवाज.

१६ नोव्हेंबर
लीलाबाई अजून माझ्या केबिनमध्येच, चादरीखाली. अंगठा घेत नाही हजेरीचं मशीन.
सोनियानं सगळ्यांना चहा दिला. मला —
कर्मचाऱ्यांचं टेबल. तेही कॅपिटलच राहिलं होतं. आत्ता उघडलं. रिकामं.
आईला फोन केला. हॅलो, हॅलो म्हणत राहिली, मी बोलत असताना. मग ठेवला.

१७
सर आलेत. बरोबर नवी मुलगी, मोनिका. हसरी आहे. मी दारात आडवी उभी राहिले. ती माझ्याकडं — माझ्यातून —
सर म्हणतायत, हे टेबल रिकामंच आहे, इथंच बसा.
परत माझ्या खुर्चीत येऊन बसले. मी उठणार नाही. मी लिहितेय, म्हणजे मी —
खुर्ची ओढली तिनं. पेनाकडं हात नेतेय. माझ्या बोटांत आहे ते, घट्ट, आणि ती उच