अर्धी घोंगडी

गुरुवार, मगरिबच्या, म्हणजे संध्याकाळच्या नमाजनंतर. मुळशी.

आज मौलाना गावाला गेलेले. मशिदीत किराणावाले गुलाबभाई सगळ्यांदेखत म्हणाले, "हवालदार, आज नमाज पढवायला तुमीच पुढं व्हा. फौजेतला मानूस, तुमच्याहून लायक हितं कोन हाय?" मी म्हणालो, गुडघा दुखतोय. ते धावत जाऊन माझ्यासाठी खुर्ची घेऊन आले.

गुडघा ठणठणीत आहे.

वीस वर्षं झाली, ती घोंगडी डोळ्यांसमोरून हलत नाही. अतिरेक्यांचा म्होरक्या आम्ही जिवंत पकडला होता. तीन दिवस मार खाऊनही तोंड उघडेना. शेवटी साहेब मला म्हणाले, "तू त्याच्यासोबत नमाज पढ. तुझ्याशी बोलेल."

मी आत गेलो. त्याने स्वतःची घोंगडी अर्धी माझ्याकडे सरकवली, नमाज पढवायला मलाच इमाम केलं. माझे नुसते ओठ हलत होते, मनात प्रश्न जुळवत होतो. नमाज झाल्यावर म्हणाला, "भाई, आईला एवढंच कळव, मी जिवंत आहे." घर कुठे, तेही सांगितलं. पहाटे आम्ही त्या घरातून त्याचे चार साथीदार उचलले.

काम देशाचंच होतं. ते मी नाकारत नाही. पण आईला निरोप? तो मी दिलाच नाही. ती दारातच उभी होती.

आज खुर्चीवर बसून नमाज पढलो. घरी आल्यावर बायकोने तेल गरम करून गुडघा चोळला. "लई दुखतंय का?" तिने विचारलं.

व्हय म्हणालो.