चंद्री शेळीची सहा पाने

१२ जून १९३८, सकाळ
आजपासून मुलांसाठी सचित्र पुस्तक लिहिणार. कारण, सुमंगला पाच वर्षांची झाली आणि न सांगता कुठेही जाते. काल पार बाजारापर्यंत गेली होती. मुलीला मारणे मला पटत नाही. गोष्टीने वळण लागेल. चंद्री नावाची शेळी आईचे न ऐकता माळावर जाते, लांडग्याला भिऊन पळताना खड्ड्यात पडते, सुधारते. सुमंगलेने विचारले, पुस्तक माझं एकटीचं का? पहिली प्रत तुझीच म्हणालो. गणपतीपर्यंत देतो असा शब्द दिला. अडीच महिने पुष्कळ झाले.

६ ऑगस्ट
चाळीस ओळी झाल्या. पण शेळीला उपदेश करणारा मी कोण? १९१५ साली आई नको म्हणत असताना मी हैदराबादला कॉलेजात गेलोच ना? या प्रश्नाचा निकाल लावल्याशिवाय पुढे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. गणपतीऐवजी दसरा.

३ मार्च १९३९
निकाल लागला नाही. मात्र चाळीस ओळींच्या सहा झाल्या, पानाला एक. 'म्हणून' आणि 'नंतर' हे शब्द काढून टाकले. लहानांना ते जड जातात. काम वेगाने चालले आहे.

२० मार्च
चित्रांसाठी पेडगावचा चंद्रभान ठरवला. परभणीच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या रंगवतो. मोर उत्तम काढतो. त्याला सांगितले, खड्ड्यातली चंद्री पश्चात्तापाने रडताना दिसली पाहिजे. तो म्हणाला, "मास्तर, शेळी रडत न्हाई. शेळी खाती." पश्चात्ताप म्हणजे काय ते त्याला अर्धा तास समजावले. त्याने नीट ऐकून घेतले आणि विचारले, खड्ड्यात पाला हाय का?

७ जानेवारी १९४०
तीनदा परत पाठवल्यावर चित्रे आली. सहाही चित्रांत चंद्रीचा चेहरा एकच, पोटभर जेवल्यासारखा. सौ. म्हणाल्या, शेळी मोठी समाधानी आहे. पश्चात्ताप सूक्ष्म आहे, हे खरे. खड्ड्यातल्या चित्रात तो डाव्या कानाशी जाणवतो.
(पुन्हा पाहिले. कानाशी रंग ओघळला आहे.)

११ नोव्हेंबर
पुण्याच्या एका प्रकाशकाकडून बाड परत. शेळीऐवजी गाय करावी, असा अभिप्राय. महिनाभर विचार करून पाहिला. चंद्रीला खड्ड्यातून काढणारी शेतकरीण कडूबाई एकटी आहे. तिला गाय उचलणार नाही. नकार कळवला. त्यांनी आधीच नकार दिला होता, हे नंतर लक्षात आले.

९ सप्टेंबर १९४१
मी सरकारी शाळेत शिक्षक, तेव्हा छापण्याआधी परवानगी हवी. अर्ज केला होता. आज कचेरीतून विचारणा आली की, पुस्तकातला लांडगा म्हणजे नेमके कोण, याचा खुलासा करावा. खरे सांगायचे तर लिहिताना माझ्या मनात कोणीच नव्हते. आता मात्र हेडमास्तर येतात. हे खुलाशात लिहावे की नाही, ठरत नाही.

२ नोव्हेंबर १९४२
परवानगी मिळाली. खुलासा चार पाने झाला होता, उर्दूत. हेडमास्तरांचा उल्लेख केला नाही. मनाला टोचणी आहे. सौ.ना आनंदाची बातमी दिली. म्हणाल्या, "सुमी चौथीला जायलीय, तुमची शेळी आजून खड्ड्यातच." यातला पहिला भाग खरा आहे.

१८ जानेवारी १९४३
स्टेशनजवळच्या शिळाछापखान्यात काम दिले. मालक खलीलमियाँ. उर्दू फॉर्म आणि नोटिसा छापतात. मराठी वाचता येत नाही, म्हणून अक्षरे मी स्वतः कागदावर लिहून दिली, ती ते दगडावर उतरवणार. गैरसमज नको म्हणून उर्दूतच बजावले, "किताब बराबर सीधी खुलनी चाहिए." त्यांनी विचारले, "सीधी बाजू से? पक्का, मास्टरसाब?" पक्का, म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारले. मी पुन्हा ठणकावले. लोक विनाकारण शंका काढतात. कॉलेजातली उर्दू अखेर कामी आली.

१५ मार्च
तीनशे प्रती आल्या. पहिली उघडली. पहिल्याच पानावर 'आईचे ऐकावे.' हे शेवटचे वाक्य आहे. तसाच छापखान्यात गेलो. खलीलमियाँनी उजवा हात वर केला. "ये सीधा हात, मास्टरसाब." मग डावा केला. "ये उलटा. आप सीधी बोले, मैं सीधी बांधा." म्हणजे उर्दू किताबीसारखी उजवीकडून. माझ्या सूचनेचे तंतोतंत पालन झाले आहे. मराठी मूल डावीकडून उघडणार आणि त्याला गोष्ट शेवटाकडून मिळणार. दोन्ही बाजूंच्या कव्हरांवर चंद्रीच, त्यामुळे तिथेही काही कळत नाही.
उपाय सापडला. 'उजवीकडून सुरुवात करावी' अशा तीनशे चिठ्ठ्या लिहून चिकटवायच्या. दोन दिवसांचे काम.

१९ मार्च, शुक्रवार, सुट्टी
चिठ्ठ्या लिहायलाच चार दिवस गेले. सकाळी खळ शिजवली. एक्केचाळीस प्रती झाल्या. सुमंगला बिनचिठ्ठीची एक प्रत उचलून ओट्यावर गेली. शेजारची पाच-सहा पोरे जमली. तिने डावीकडून उघडले. मी आतून ऐकत होतो.
"आईचे ऐकावे," तिने वाचले. मग स्वतःचे घातले, "ऐकून घेतलं."
"चंद्री खुंट्याला आहे. कडूबाई आली." कडूबाईनं तिला सोडलं, म्हणाली.
"चंद्री खड्ड्यात आहे." लपून बसलीय.
"लांडगा आला." त्याला ती सापडलीच नाही.
"चंद्री माळावर गवत खाते."
पोरे हसली. शेजारच्या चतुराबाईंची धाकटी म्हणाली, पुन्ना वाच.
चिठ्ठीची प्रत घेऊन मी बाहेर गेलो. योग्य क्रमाने, सावकाश, बोधासह वाचून दाखवले. सर्वांनी शांतपणे ऐकले. धाकटीने विचारले, "मंग चंद्री सुटली कवा?" सुटत नाही, शहाणी होते, असे सांगितले. ती उठून सुमंगलेच्या मांडीवर जाऊन बसली.
सुमंगला म्हणाली, "अण्णा, माझ्या पुस्तकाला चिठ्ठी नका लावू."
नंतर सगळी मिळून न सांगता कुठेतरी गेली. पुस्तक घेऊन.
खळ संपल्यामुळे चिठ्ठ्यांचे काम थांबवले.

दुपारी चार
वरील शेवटचे वाक्य खरे नाही. खळ अर्धी वाटी शिल्लक आहे.